गॅलरीतली लिंबोणी

मावा थंडीत येतो, पांढरा पिठ्या उन्हाळ्यात आणि लिंबावरची अळी पावसात. हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नाही, दादानं सांगितलं, ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उकिडवं बसून. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ वसंत. फोर्टातल्या एका विमा कचेरीत तो कारकून होता. संध्याकाळी घरी आला की शर्ट खुंटीला, लेंगा अंगावर आणि हात मातीत. रॉकेलच्या रिकाम्या डब्यांना खालून भोकं पाडून त्यानं मोगरा, जास्वंद, कढीलिंब, ओवा, गवती चहा असं काय काय लावलं होतं. त्या डब्यांनी गॅलरी अर्धी अडली होती. शेजारपाजारची माणसं जातायेता पोटरीला डबा लागला की कुरकुरत. पण त्यांच्याच घरी चहात आमचा गवती चहा आणि फोडणीत आमचा कढीलिंब पडत असे, त्यामुळे ती कुरकुर तोंडातल्या तोंडात राही.

सगळ्यांत मान लिंबोणीचा. तिचं कलम त्यानं मालवणहून, आमच्या गावाहून, बोटीत मांडीवर घेऊन आणलं होतं. भाऊच्या धक्क्यावर उतरला तेव्हा ट्रंक हमालाच्या डोक्यावर आणि लिंबोणी याच्या कडेवर, असं बाबा सांगत. पावसाळ्यात तिच्यावर अळ्या होत. लहान असताना ती अळी पानावर चिमणी शिटून गेल्यासारखी दिसते, कुणाला संशय येत नाही. मोठी झाली की हिरवीगार, लठ्ठ. बोट लावलं की डोक्यातून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि असा घाण वास सोडते की बोट दोनदा धुवावं लागतं. मी मुद्दाम बोट लावत असे. दादा अळ्या मारत नसे. एकेक उचलून कढीलिंबाच्या जुन्या झाडावर नेऊन सोडायचा, कारण तिला तीही पानं चालतात. ‘हा त्यांचा वाटा,’ म्हणायचा. आई म्हणे, अरे, तुझी बायको आली की तिला फोडणीला अळ्यांना विचारून पान तोडावं लागेल. तो लाजायचा. मुली बघायला सुरुवात झालेली होती.

बाबा कॉटन ग्रीनला कापसाच्या एका गोदामात कारकून होते. घरी येत तेव्हा त्यांच्या कॉलरला, भुवयांना कापसाचे बारीक तंतू चिकटलेले असत आणि आई ते न बोलता काढत असे. त्यांच्या संसारातलं प्रेम मला तेवढंच दिसलं, आणि मला वाटतं, पुष्कळ होतं. बाबा मुळात कमी बोलणारे. खोटं तर बोलतच नसत. एकदा आईनं शेजारणीला ‘साखर नाही’ असं सांगायला लावलं, तर हे दारात उभे राहून म्हणाले, ‘आहे, पण देत नाही.’ दोन खोल्या, आम्ही चौघं, कुळथाची पिठी, भात, आठवड्याला दोनदा मासळी. सकाळी नळावरची भांडणं, ठाकूरद्वाराकडून येणारा घंटेचा आवाज, खाली कल्हईवाल्याची आरोळी. त्या वर्षांत त्यात घोषणांची भर पडली होती. पहाटे ‘झालाच पाहिजे’ करत फेरी जायची आणि दुकानांचे पत्रे धडाधड खाली यायचे. मी तेव्हा शाळेत होते. शाळा वारंवार बंद, म्हणून मला ती चळवळ फार आवडायची. याहून थोर विचार मी तेव्हा करत नव्हते, उगाच का सांगू.

त्या हिवाळ्यात हरताळ झाला, गोळीबार झाला, संचारबंदी लागली. दादाची कचेरी बंद. तो घरात येरझाऱ्या घालायला लागला. आई म्हणाली, ‘घरात बसून माश्या मारतोयस, त्यापेक्षा लिंबोणीला मोठा डबा तरी दे. मुळं खालून बाहेर आलीत.’ ते खरंच होतं. त्यानं कुठूनसा तेलाचा मोठा डबा मिळवला, पटाशी आणि हातोडी घेऊन त्याचं तोंड कापलं, कडा आत वळवायला लागला. वळवताना अंगठ्याच्या खाली, तळहाताला पत्रा लागला. फार नाही. तो हसला, हात झटकला, तसाच शेणखतात घातला, लिंबोणी नव्या डब्यात बसवली आणि मग आईपुढे हात धरला. आईनं हळद दाबली आणि लुगड्याची चिंधी बांधली. खालचा दवाखाना बंद होता, पण उघडा असता तरी कुणी गेलं असतं असं नाही. कापलं तर हळद, भाजलं तर शाई, पोट दुखलं तर ओवा, असं आमचं शास्त्र. इंजेक्शन ही गोष्ट मरायला टेकलेल्या माणसाची.

जखम तर सुकली. मग एका सकाळी त्याला भाकरी खाता येईना. तोंड उघडेना. आई म्हणाली अक्कलदाढ येत असेल, आम्ही त्याला चिडवलं की चला, उशिरा का होईना अक्कल येतेय. संध्याकाळी त्याची मान ताठ झाली आणि पाठ अंथरुणावरून उचलली जायला लागली. बाबा आणि वाडीतली मुलं त्याला घेऊन गेली, नाक्यावर पोलिसांनी अडवलं, बघितलं आणि सोडलं. धनुर्वात. पुढचं मी लिहीत नाही. लिहायचं ठरवून बसले होते, पण नाही लिहीत. इस्पितळातून परत आले तेव्हा बाबांच्या हातात त्याचा लेंगा होता.

त्या दिवसांत गिरगावात तरणा मुलगा गेला म्हणजे गोळीनंच, असं लोक धरून चालत. भेटायला येणारे दारातच हळू आवाजात विचारत, ‘कुठं लागली?’ बाबा सांगत, ‘हाताला.’ लोक मान हलवत. हाताला लागून माणूस कसा गेला हे कुणी विचारलं नाही आणि बाबांनी सांगितलं नाही. मला आठवतं की मला रडू आलं नाही. येईल येईल म्हणून मी वाट बघत होते. शेजारच्या बायका पिठलं-भात आणून देत होत्या, ते मी जेवत होते आणि ते चांगलं लागत होतं, आणि चांगलं लागतंय याचंही काही वाटत नव्हतं. कान दडपल्यावर जसं सगळं लांबून ऐकू येतं तसं मला ते दिवस आठवतात.

तो जिथं झोपायचा तिथं पिठावर दिवा ठेवला होता आणि दिव्याजवळ वाटीत गूळ घातलेलं दूध. आमच्याकडे दहा दिवस तसं ठेवतात. आदल्या दिवशीचं दूध मोरीत ओतायचं नसतं, झाडाच्या बुंध्यात घालायचं असतं. वाडीत झाडं म्हणजे आमचे डबेच. ते दूध मी रोज सकाळी लिंबोणीत ओतत होते. बाकीच्या झाडांना पाणी घालायचं कुणाला सुचलंच नाही. मोगरा माना टाकून उभा होता. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. हाक मारली तर ‘हं’ म्हणायची, उठायची नाही. बाबा तिच्याशेजारी बसत आणि थोड्या वेळानं उठून दारात जात, पण गॅलरीत पाऊल टाकत नसत. ज्या डब्यानं हात कापला त्यातच लिंबोणी उभी होती, दाराच्या बरोबर समोर. एकदा ते काकांना म्हणाले, सगळे डबे हातगाडीवर घालून भंगारात देऊन टाक. काका म्हणाले, दिवस होऊ देत.

दहाव्याला बाबा आणि काका बाणगंगेला गेले. बायका जात नसत. दुपारी दोघं परतले. बाबा सरळ आईजवळ गेले, पाठमोऱ्या आईच्या बाजूला बसले आणि नेहमीपेक्षा जरा मोठ्या आवाजात सांगायला लागले. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. काका म्हणाले, वसंता, शालूचं, म्हणजे माझं, शिक्षण करू, लग्न करू. कावळा नुसता कठड्यावर. काका म्हणाले, आईला जपू. तरी नाही. ‘मग मी म्हटलं, वसंता, तुझी झाडं मरू देणार नाही. लिंबोणी जगवीन. आणि शिवला.’

आई या कुशीवर वळली. किती दिवसांनी मला तिचं तोंड दिसलं. ‘लगेच?’ तिनं विचारलं.

‘लगेच,’ बाबा म्हणाले.

ती उठली. केस बांधले, तांब्या घेतला आणि गॅलरीत जाऊन सगळ्या डब्यांना पाणी घातलं. काका खाली मान घालून चहा पीत होते. मला आपलं बरं वाटलं की घरात कुणीतरी काहीतरी करतंय.

दहाव्यानंतर दिवा गेला, पण दूध गेलं नाही. आई रोज सकाळी वाटीत दूध घ्यायची, गुळाचा खडा विरघळवायची आणि लिंबोणीच्या बुंध्यात घालायची. दहा दिवसांनी ते बंद करायचं असतं हे तिला ठाऊक होतं. तिच्या सासूचे, सासऱ्यांचे दिवस तिनंच केले होते. कुणी तिला थांबवलं नाही. घरात तसं कुणी कुणाला कशाचंच काही म्हणत नव्हतं. आमटीत मीठ नसे आणि कुणी मागत नसे. बाबा कामावर जात, येत. कॉलरवरचा कापूस तसाच राही. बाहेर सभा, मोर्चे, दिल्लीहून येणाऱ्या बातम्या यांनी वाडी नुसती पेटली होती, लोक गच्चीवर जमून वाद घालत, आणि आमच्या दोन खोल्यांत घड्याळ ऐकू येई. मला त्या लोकांचा राग यायचा. मुंबई कुणाची हा प्रश्न मला फार क्षुल्लक वाटायचा.

थंडी सरता सरता मोगऱ्याच्या शेंड्यांना मावा लागला. दादानं शिकवलं होतं तसं मी कपड्यांच्या साबणाचं पातळ पाणी करून फडक्यानं शेंडे पुसले आणि मावा गेला. तेवढ्यावर मी खूश. लिंबोणीकडे मात्र मला हात लावायची परवानगी नव्हती, ती आईची. फाल्गुनात तिच्या डब्यावर मुंग्यांची रांग लागली. मोरीच्या भोकातून निघून भिंतीच्या कडेनं, उंबऱ्याखालून, डब्यावरून थेट बुंध्यावर. मातीला आंबूस वास यायला लागला. मग पानांच्या बगलेत पांढरा कापूस दिसायला लागला. पहिल्यांदा मला वाटलं, बाबांच्या कपड्यांवरचा उडून आला असेल. बोटानं दाबला तर गुलाबी पाणी निघालं. तो पिठ्या.

आता आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात कुणीतरी जास्वंदीचा फोटो टाकतं आणि विचारतं, हे पांढरं काय आहे. मग सगळे कडुलिंबाच्या तेलाच्या बाटल्यांची नावं सांगतात. अत्तराच्या भावानं मिळतात त्या बाटल्या. मी एकच लिहिते, आधी मुंग्या कुठून चढताहेत ते बघा. पिठ्याला चालता येत नाही असं नाही, पण तो आळशी. मुंगी त्याला उचलून नव्या फांदीवर नेते, त्याच्या अंगातून गोड चिकट पाणी निघतं ते पिते आणि त्याच्या वाट्याला जाणाऱ्या किड्यांना हुसकते. गाईम्हशी पाळाव्यात तशी. मुंगी अडवली की निम्मं काम झालं. माझ्या सुनेला हे फार गंमतशीर वाटतं. ती म्हणते, आई, तुम्ही यावर व्हिडिओ करा.

हे मुंग्यांचं मला आत्याकडून कळलं. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, लालबागला राहायची, नवरा गिरणीत. दर रविवारी ट्रामनं यायची, मशेरीची डबी कमरेला. तिची भाषा गावाकडचीच राहिली होती आणि जीभ सरळ. लिंबोणीकडे बघून ती खाली बसली, पान उलटं केलं, मुंग्यांची रांग मोरीपर्यंत नजरेनं नेली आणि आईला म्हणाली, ‘वयनी, मुंग्यांका गोड घालशीत तर त्यो अख्ख्या गोतावळ्याक घेवन येतल्यो.’

आई म्हणाली, खाऊ देत. त्याच्या वाटणीचं आहे.

आत्यानं तंबाखूचं पान रात्रभर भिजवून त्याचं पाणी मारायला सांगितलं, नाहीतर फांद्या छाटून जाळायला. आई ऐकूनच घेईना. त्यानं कधी अळी मारली नाही आणि मी त्याच्या झाडावर विष ओतू? कैची लावू? ती आवाज न चढवता बोलत होती. त्यानंतर आईनं दूध वाढवलं. झाड वाळतंय ते आपण कमी घालतो म्हणून, असं तिच्या मनानं घेतलं होतं. तिनं स्वतःचं चहातलं दूध बंद केलं.

मग पानांवर काजळी धरली. नवी पालवी वाकडी व्हायची, जुनी पानं पिवळी होऊन गळायची. आई ती पानं गोळा करून ओच्यात ठेवायची. तिचं जेवणही त्या पानांबरोबर कमी होत गेलं. आधी एक वेळ, मग नुसती पेज, मग पेजही वाटीत निवलेली. विचारलं तर म्हणायची, नवीन पान फुटलं की जेवीन. एकदा मला जवळ घेऊन अगदी साधेपणानं म्हणाली, ‘ही गेली तर बाबांचा शब्द जाईल. मग तो तिथंच अडकून राहील. ना इकडं ना तिकडं.’ मी म्हटलं, नाही जाणार. तुला तेव्हा काय वाटलं, असं माझी नात मला विचारते. काही वाटलं नाही. आईची हाडं हाताला लागली, एवढं आठवतं. हे झाड मरेल त्या दिवशी आई मरणार, हे मला, आत्याला आणि बाबांना, तिघांनाही दिसत होतं, आणि आम्ही तिघं रविवारी एकत्र बसून चहा पीत होतो.

चैत्र संपत आला होता. रविवार होता. दुपारची जेवणं झाली होती, म्हणजे आमची. मी तांदूळ निवडत होते, आत्या दाराशी भिंतीला टेकून. खाली कुठल्याशा सभेसाठी पोरं खळ लावून कागद चिकटवत होती, त्यांचं हसणंखिदळणं वर ऐकू येत होतं. आई गॅलरीत डब्याजवळ बसलेली. लिंबोणीवर शेंड्याला मूठभर पानं उरली होती आणि तीही काळी. बाबा खाटेवर होते. उठले आणि उंबरा ओलांडून गॅलरीत गेले. दादा गेल्यानंतर पहिल्यांदा. डब्याच्या दुसऱ्या बाजूला ते खाली फरशीवर बसले. कपड्यांची इस्त्री मोडेल म्हणून उघड्या फरशीवर न बसणारा माणूस.

‘अगं,’ ते म्हणाले, ‘कावळा शिवला नाही.’

आईनं वर बघितलं.

‘आम्ही दुपार टळेपर्यंत बसलो. आलाच नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. लिंबोणीचं मी काही बोललो नव्हतो. ते घरी येताना ठरवलं. तू उठत नव्हतीस. झाडांना पाणी घालायला तरी उठशील, असं वाटलं.’

हे आता वाचताना सोपं वाटेल. तेव्हा ते कसं होतं सांगते. पिंडाला कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी राहिलाय. सगळ्या सांत्वनांत आईला तेवढंच एक घट्ट धरायला मिळालं होतं की तो शिवला, लगेच शिवला. बाबा ते तिच्या हातातून काढून घेत होते. काढून घेतलं नसतं तर ती त्या काळ्या पानांबरोबर जाणार होती. दोन्हीकडून तेच. आत्यानं तोंडाला पदर लावला. मी तांदळात खडे शोधत राहिले, दिसत नव्हते तरी.

आईनं त्यांच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, ‘तुम्हाला तर ही झाडं डोळ्यांसमोर नको होती.’

‘म्हणून तर तुला खरं वाटलं,’ बाबा म्हणाले.

‘मग त्याचं काय राहिलं होतं? इच्छा काय होती त्याची?’

‘मला माहीत नाही गं. काकानं सगळं बोलून बघितलं. मीही बोललो.’

आई डब्याकडे बघत होती. डब्याच्या कडेवर दादानं हातोडीनं मारलेल्या ठोक्यांचे पोचे होते, अर्ध्यापर्यंत सारखे आणि पुढे वेडेवाकडे. तिनं त्यावरून बोट फिरवलं. ‘जगायची राहिली असेल,’ ती म्हणाली. ‘तेवढ्या वयाच्या पोराची आणखी काय असणार. ते तुम्ही कावळ्याला कबूल करणार होता का?’

बाबा रडले. आवाज न करता, मांडीवर हात ठेवून, शाळेत उभं केलेल्या मुलासारखे. आईनं त्यांना रडू दिलं. तिनं त्यांना हात लावला नाही, रागावलीही नाही. खूप वेळानं तिनं त्यांच्या कॉलरवरचा कापसाचा एक तंतू काढला आणि उठली.

घरात जाऊन ती मोठी कातरी घेऊन आली. मला म्हणाली, पाणी आण, साबण आण. आत्याला म्हणाली, तुझा तंबाखू आहे ना. आणि लिंबोणीच्या सगळ्या फांद्या एकेक करून तिनं कापून काढल्या, फक्त गुडघ्याएवढा बुंधा ठेवला. कापलेलं सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून मला खालच्या बंबात घालायला दिलं. वरची आंबलेली माती खरवडून टाकली. बुंधा साबणाच्या पाण्यानं घासला, भांडं घासतात तसा, जोर लावून, काथ्यानं. डबा चार विटांवर चढवला आणि विटा परातीत ठेवून परातीत पाणी भरलं, म्हणजे मुंगीला वाट नाही. तंबाखूचं पाणी दुसऱ्या दिवशी मारलं. तिला हे सगळं ठाऊक होतं. दादानं जे जे मला सांगितलं ते तो चुलीशी बसून आधी तिलाच सांगत असणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. संध्याकाळी ती दमून बसली आणि आत्यानं समोर ठेवलेली पेज पिऊन टाकली. नवीन पानाचं नाव काढलं नाही.

आमचं घर त्या दिवसानंतर हसतंखेळतं झालं असं कुणी समजू नये. आई बाबांशी कित्येक आठवडे कामापुरतं बोलली. दादाचा विषय निघत नव्हता. माझा तो दडपलेला कान कधी सुटला मला सांगता यायचं नाही. काही भाग अजून सुटला नसेल. पण सकाळचं दूध चहात पडायला लागलं. पावसाच्या आधी बुंध्यावर हिरवे ठिपके आले, त्यांचे कोंब झाले. पावसात त्यावर अळ्या आल्या. आईनं त्या चिमट्यानं उचलून साबणाच्या पाण्यात टाकल्या. मी बघतेय असं पाहून म्हणाली, त्याला जमत होतं, मला नाही जमत. मला तो अगदी बरोबर हिशेब वाटला.

लिंबोणीनं मध्ये एक पावसाळा नुसती पानं दिली आणि पुढच्या हिवाळ्यात फुलली. गॅलरीभर वास. फुलं बरीच गळाली, फळ एकच धरलं. येताजाता आम्ही तिघंही त्या फळाकडे बघत होतो. बाबाही आता त्या दारातून बघत असत. हिरवं, मग पिवळट, मग एका सकाळी आईनं ते तोडलंच. मला वाटलं देवापुढे ठेवील, किंवा त्याच्या फोटोपुढे. तिनं ते विळीवर धरलं आणि कापलं, आमच्याकडे कापत तसं, उभ्या चार फोडी. ताटलीत घालून ताटली मधे ठेवली. कुळथाची पिठी होती आणि गरम भात. बाबांनी एक फोड घेतली, मी एक, आईनं एक. पिळली. आंबट होतं, साल पातळ, रस भरपूर. 

चौथी फोड ताटलीत राहिली. बाबांचा हात भातावर थांबला होता. ते फोडीकडे बघत होते, मी बाबांकडे. आईनं आपला घास संपवला, फोड उचलली आणि माझ्या भातावर पिळली. ‘वाया कशाला घालवायची,’ ती म्हणाली. ‘खा.’

मी तो भात खाल्ला.